रिलोडिंगचं सामान कुठून घ्यायचं, मोठ्या चेन स्टोअरमधून की गावाकडच्या छोट्या गन शॉपमधून?

रिलोडिंग म्हणजे मारलेल्या काडतुसाची रिकामी पितळी केस नवा प्रायमर (पावडर पेटवणारी बुडातली छोटी टोपी), पावडर आणि बुलेट घालून घरीच परत भरणं. प्रश्न थोडक्यात असा. पुण्याचा मुलगा, सध्या ओहायोत कोलंबसला, स्वप्नील कुसाळेचं पॅरिसचं ब्राँझ बघून रेंजवर जायला लागला, आता त्याच्याकडे .३०८ ची रायफल आहे आणि ९ एमएमचं पिस्तूल. ऑफिसातल्या कुणीतरी जुनी सिंगल स्टेज प्रेस, म्हणजे काडतूस भरायचं हातयंत्र, दिलीय. घरापासून पंधरा मिनिटांवर मोठं चेन स्टोअर आहे, आणि चाळीस मिनिटांवर एका खेड्यात छोटं गन शॉप, तिथे प्रत्येक गोष्ट आठ-दहा डॉलरनी महाग. काका, मी सामान कुठून घेऊ, आणि .२२ पण रिलोड करता येते का, असं त्याने विचारलंय.

.२२ चं आधी सांगतो कारण ते एका ओळीत संपतं. नाही करता येत. स्वप्नील ५० मीटर थ्री पोझिशनला जी मारतो ती .२२ रिमफायर असते, तिच्यात वेगळा प्रायमर नसतोच, स्फोटक मसाला पितळेच्या कडेच्या घडीत भरलेला असतो आणि फायरिंग पिनने ती कड एकदा चेपली की केस संपली. रिलोड होतं ते सेंटरफायर, ज्यात प्रायमर बुडाच्या मधोमध असतो, म्हणजे तुझं .३०८ आणि ९ एमएम.

आता दुकानात जायच्या आधीची गोष्ट, आणि ही मी प्रत्येक मराठी मुलाला सांगतो कारण काउंटरवरचा माणूस ती तुला सांगेलच असं नाही. तू एच-१बी वर आहेस, एल-१ वर आहेस, एफ-१ वर आहेस की ग्रीन कार्ड हातात आलंय? अमेरिकेच्या फेडरल कायद्यात नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक आणि अ‍ॅम्युनिशन दोन्ही जवळ बाळगायला मनाई आहे, त्याला काही ठरावीक अपवाद आहेत, त्यातला आपल्या लोकांना लागू पडणारा म्हणजे कुठल्याही राज्याचं चालू, मुदत न संपलेलं हंटिंग लायसन्स. आणि खरी मेख पुढे आहे, कायद्यात अ‍ॅम्युनिशनची व्याख्या नुसती भरलेली काडतुसं नाही, त्यात केस, प्रायमर, बुलेट आणि पावडर सगळं येतं. म्हणजे बंदूक मित्राची आहे, मी फक्त प्रायमरची डबी आणली, हे चालत नाही. रेंजवरून उचललेल्या रिकाम्या केससुद्धा त्याच व्याख्येत बसतात. लायसन्सची तारीख संपली की अपवादही संपला, हे लोक विसरतात. तू रायफल रीतसर घेतली असशील तर हे तुला माहीत असणारच, पण लायसन्स रिन्यू केलंयस ना ते आज बघ, आणि जरा जरी शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला दोनशे डॉलर दे आणि विचार. पुढे राज्यांचे कायदे वेगळे, इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड, म्हणजे राज्याचं बंदूकधारकाचं ओळखपत्र, लागतं, मॅसॅच्युसेट्समध्ये प्रायमर-पावडरलासुद्धा लायसन्स दाखवावं लागतं. ओहायोत त्या मानाने सोपं आहे, पण उद्या नोकरी बदलून शिकागोला गेलास तर हे लक्षात ठेव.

आता मुद्द्यावर. मी २००६ पासून ओहायोतच रिलोड करतोय, मूळचा खडकीचा, अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीच्या भोंग्यावर आमच्या घरात स्वयंपाकाच्या वेळा ठरायच्या, त्यामुळे काडतूस म्हणजे काय आणि त्याच्याशी हलगर्जीपणा केला तर काय होतं याची भीती लहानपणापासून अंगात आहे. माझं मत सरळ आहे. लोखंड कुठूनही घे, बारूद (म्हणजे पावडर) आणि प्रायमर ओळखीच्या माणसाकडून घे. लोखंड म्हणजे प्रेस, डाय (केसला आकार देणारे साचे), वजनकाटा, कॅलिपर, केस कापायचा ट्रिमर, साफ करायचा टंबलर. ही एकदाच घ्यायची वस्तू, सीलबंद डब्यात येते, चुकली तर परत करता येते, तिथे पंधरा मिनिटांवरचं स्टोअर उत्तम, सेल लागतो, गिफ्ट कार्ड चालतं, आरसीबीएस-हॉर्नडीच्या कंपनी रिबेटचे कागद काउंटरवर पडलेले असतात. बारूद आणि प्रायमरचं तसं नाही. ते दुकानाबाहेर पडलं की कोणीही परत घेत नाही, ना चेनवाले ना गाववाले, सगळीकडे नो रिटर्न्स. म्हणजे चूक झाली तर ती तुझी. मग चूक होऊ न देणारा माणूस काउंटरच्या पलीकडे असणं याची किंमत आठ-दहा डॉलरपेक्षा जास्त आहे असं मला मनापासून वाटतं.

माझ्याच बाबतीत झालेलं सांगतो. सुरुवातीच्या वर्षात .४५ साठी मला लार्ज पिस्टल प्रायमर हवे होते. एका मोठ्या स्टोअरमध्ये नंबर घेऊन पाऊण तास उभा, शनिवार दुपार, काउंटरवर वीस-बावीस वर्षांचा पोरगा, आठवड्यापूर्वी फिशिंग डिपार्टमेंटमधून इकडे आलेला. त्याने कुलूप उघडून ब्रिक (हजार प्रायमरचा खोका) काढून दिली, मीही लेबल धड वाचलं नाही, पैसे दिले, घरी आलो. रात्री प्रायमर बसवायला घेतले तर केसच्या बुडावर बोट फिरवलं की प्रत्येक प्रायमर नखाला अडकतोय. आधी वाटलं पॉकेटमध्ये, म्हणजे प्रायमर बसतो त्या खळग्यात, घाण आहे, साफ केली, तरी तेच. मग डबी उजेडात नेऊन वाचली तर लार्ज रायफल. व्यास तोच असतो दोघांचा, पण रायफलचा उंचीला जास्त, लार्ज पिस्टलचं पॉकेट साधारण एकशे एकोणीस हजारांश इंच खोल आणि लार्ज रायफलचं एकशे अठ्ठावीस, त्या नऊ हजारांश इंचाने प्रायमर बाहेर डोकावतो आणि असं काडतूस पिस्तुलात स्लाइड आपटल्यावर काय करेल याची खात्री देता येत नाही. बोट फिरवायची सवय होती म्हणून कळलं. हजारातले चाळीस वाया गेले, बाकीचे पुढे रायफलसाठी वापरले. स्मॉल पिस्टल आणि स्मॉल रायफलचं तर आणखी वाईट, ते मापाने सारखेच, नखालाही कळत नाहीत, फक्त रायफलच्या प्रायमरचा पत्रा जाड असतो. तुझ्या ९ एमएमला स्मॉल पिस्टल लागतात आणि .३०८ ला लार्ज रायफल, हे फोनमध्ये लिहून ठेव आणि काउंटरवर डबीवरचं मोठ्याने वाच. मॅग्नम हा शब्द डबीवर आहे का तेही बघ, तो असेल आणि तुझ्या मॅन्युअलच्या, म्हणजे मापांच्या छापील पुस्तकाच्या, रेसिपीत नसेल तर घेऊ नकोस.

पावडरच्या बाबतीत हीच गोष्ट दहापट गंभीर. कपाटात बघशील तर ४३५० हा आकडा तीन वेगवेगळ्या डब्यांवर दिसेल, एच४३५०, आयएमआर ४३५० आणि अ‍ॅक्युरेट ४३५०. या तीन वेगळ्या पावडरी आहेत, एकीचा डेटा दुसरीला चालत नाही. ४८९५ चंही तेच, एच वेगळी आयएमआर वेगळी. गोंधळ वाढवायला काही पावडरी नावं वेगळी पण माल एकच अशा आहेत, एच११० आणि विंचेस्टर २९६, किंवा एचपी-३८ आणि विंचेस्टर २३१, त्या हॉजडन एकाच मालाच्या दोन नावांनी विकते. अर्धवट माहिती असलेला सेल्समन हे दुसरं ऐकलेलं पहिल्याला लावतो आणि म्हणतो सेमच आहे सर, एच नाहीये, आयएमआर घेऊन जा. नको घेऊस. तुझ्या मॅन्युअलमध्ये ज्या नावाची पावडर छापलीय त्याच नावाची घे, नसेल तर रिकाम्या हाताने घरी ये, आणि कुठल्याही दुकानदाराच्या तोंडच्या लोडवर (पावडरच्या मापावर), मग तो कितीही जुना असो, काडतूस भरू नकोस.

आता तो खेड्यातला माणूस काय वेगळं करतो ते बघ. मी पहिल्यांदा .३०८ साठी पावडर घ्यायला अशाच एका दुकानात गेलो होतो, लाकडी काउंटर, मागे भिंतीवर खिळ्यांना लटकवलेले जुने डाय, प्रत्येकावर मास्किंग टेपवर पेनाने किंमत. मी एच४३५० मागितली, कारण रेंजवर ६.५ क्रीडमोर हे दुसरं काडतूस मारणारे सगळे तिचंच नाव घ्यायचे. म्हाताऱ्याने डबा काउंटरवर ठेवला, पण हात डब्यावरच. कुठली रायफल, बॅरल किती इंच, बुलेट किती ग्रेन वजनाची, पेपरवर मारतोस की शिकार, असं सगळं विचारलं आणि डबा उचलून परत कपाटात ठेवला. म्हणाला ही तुझ्या केससाठी जरा सावकाश जळते, चालेल पण केस गच्च भरूनही हवा तो वेग येणार नाही, आणि आयएमआर ४०६४ पुढे केली, तेही म्हणाला एकच पाउंड ने, आवडली तर मोठा जग घे. त्याने त्या दिवशी महाग डबा विकला नाही. मी अजून ४०६४ च वापरतो आणि अजून त्याच्याचकडे जातो, आता त्याचा मुलगा बसतो तिथे.

शेल होल्डरचा, म्हणजे केसचं बूड प्रेसमध्ये धरणाऱ्या खाचेच्या चकतीचा, किस्सा पण त्याच काउंटरचा. तुला जुनी प्रेस मिळालीय म्हणून हे खास तुझ्यासाठी. डायचे आटे जवळपास सगळ्यांचे एकच असतात, सात अष्टमांश इंच चौदा आटे, त्यामुळे ली ची डाय आरसीबीएसच्या प्रेसमध्ये बसते, काही अडचण नाही. पण शेल होल्डरचे नंबर प्रत्येक कंपनीचे आपापले. .३०८ ला आरसीबीएसचा ३ नंबर, हॉर्नडीचा १ नंबर, ली चा २ नंबर, वस्तू तीच. ऑनलाइन वाचून ३ नंबर लिहून नेलास आणि स्टोअरमध्ये ली चा ३ नंबर उचललास तर चुकीचा होल्डर घरी येईल. छोट्या दुकानात एक ड्रॉवर असतो, त्यात सुटे शेल होल्डर पडलेले, तू खिशातून फायर केलेली केस काढायची, तो त्या ड्रॉवरमध्ये हात घालून दोन-तीन लावून बघतो, केस सरकन आत सरकते आणि हलत नाही असा तुझ्या हातात देतो. जुना असेल तर चार-पाच डॉलर.

आणि जुन्या सामानासाठी तर छोट्या दुकानाला पर्यायच नाही. रिलोड करणारी पिढी म्हातारी होत चाललीय, घरातला माणूस गेला की बायको-मुलं गॅरेजमधलं सगळं सामान उचलून जवळच्या दुकानात आणून देतात. सत्तरच्या दशकातल्या बिडाच्या प्रेस, ज्या अजून तीस वर्षं चालतील, बीम बॅलन्सचे काटे, कधीच न वापरलेल्या डाय, निम्म्या किमतीत. पुसून तेल लावून वापर. फक्त त्या खोक्यांत उघडी पावडर असते, ती फुकट दिली तरी घेऊ नकोस. उघडलेल्या डब्यात आत खरंच तीच पावडर आहे हे सांगणारा माणूस आता जिवंत नाही, एवढं लक्षात घे. खराब झालेली पावडर ओळखायची असेल तर झाकण काढल्यावर आंबट, ॲसिडसारखा झोंबणारा वास येतो आणि वर तांबूस गंजासारखी धूळ दिसते. पण वास चांगला आला म्हणून डब्यात लेबलवरचीच पावडर आहे असं सिद्ध होत नाही. नवीन डब्याचंही झाकणाखालचं सील फोडलेलं नाही ना हे काउंटरवरच बघ, दोन्हीकडे, मला एका चेनमध्ये सील अर्धवट निघालेला डबा मिळाला होता, तिथेच परत दिला.

सगळी छोटी दुकानं देवमाणसांची असतात असं मी म्हणत नाही. २०२० च्या मार्चनंतर जो दुष्काळ पडला त्यात माणसं ओळखली गेली. २०१९ ला तीस-पस्तीस डॉलरला मिळणारी हजार प्रायमरची ब्रिक शंभराच्या वर गेली, खासगीत लोकांनी दीडशे-दोनशे पण मोजले. घरापासून जवळ एक दुकान होतं, त्याने प्रायमर हवे असतील तर सोबत रायफलची स्कोपच घ्यावी लागेल असं सुरू केलं, शिवाय मोठ्या जगमधली पावडर झिपलॉक पिशव्यांत पाव-पाव पाउंड करून विकायला लागला. असं करणारा दिसला तर तिथून निघ, मूळ डब्याबाहेरची पावडर म्हणजे नाव-गाव नसलेला माल. त्याच काळात माझा तो खेड्यातला म्हातारा दुकानदार काय करायचा, आलेली ब्रिक फोडून शंभर-शंभरच्या ट्रे करायचा, कंपनीच्याच ट्रे, हात न लावलेल्या, आणि वहीत बघून नेहमीच्या माणसाला एकेक द्यायचा, भाव वाढला होता पण त्याला जेवढ्याला पडला त्यावर नेहमीचाच नफा. आठ महिने मी महिन्याला शंभर प्रायमरवर काढले. त्याच वेळी मोठ्या स्टोअरांनी माणशी एकच ब्रिक अशी मर्यादा घातली होती, तेही बरोबरच होतं, पण तिथे सकाळी ट्रक यायच्या दिवशी दार उघडायच्या आधी रांग लागायची आणि रांगेतले निम्मे लोक ती ब्रिक दुपारी दुप्पट भावाने विकायला घेणारे. ओळखीच्या वहीत नाव असणं आणि रांगेत उभं राहणं यातला फरक तेव्हा कळला.

पैशाचा हिशेब मात्र नीट कर, तिथे भावनेने जाऊ नकोस. डब्यावरची किंमत बघून काही कळत नाही, वर्षाची गरज आधी काढ. एका पाउंडात ७००० ग्रेन. रायफलला एका काडतुसाला साधारण चाळीस-बेचाळीस ग्रेन धरले तर पाउंडात १६५ ते १७५ काडतुसं होतात, ९ एमएमला पाच ग्रेन धरले तर १४००. हे आकडे फक्त खरेदीच्या हिशेबासाठी आहेत, भरायला मॅन्युअलच. तू महिन्याला .३०८ च्या शंभर मारतोस आणि ९ एमएमच्या तीनशे, म्हणजे वर्षाला रायफलची सात पाउंड पावडर, पिस्तुलाची अडीच-पावणेतीन पाउंड, प्रायमर लार्ज रायफल बाराशे आणि स्मॉल पिस्टल छत्तीसशे. म्हणजे रायफलच्या पावडरला आठ पाउंडाचा जग घेणं सरळ परवडतं, पाउंडामागे चार-सहा डॉलर वाचतात आणि त्याहून मोठा फायदा म्हणजे सगळी एकाच लॉटची. लॉट बदलला की त्याच पावडरीचा वेग थोडा इकडे-तिकडे होतो, मग लोड खाली आणून परत चढवत तपासावा लागतो. चेनच्या कपाटातून दोन महिन्यांनी एकेक डबा घेत राहिलास तर प्रत्येक डबा वेगळ्या लॉटचा. गावातल्या दुकानदाराला सांगितलं की एकाच लॉटचे चार ठेव तर ठेवतो, नावाची चिठ्ठी लावून. पण पहिला डबा एक पाउंडाचाच, कारण रायफलला ती आवडते का हे आधी कळायला हवं.

ऑनलाइनचा विषय निघणारच. मिडवे यूएसए, पावडर व्हॅली, ब्राउनेल्स ही सगळी चांगली, जुनी ठिकाणं. बुलेट, ब्रास (रिकाम्या पितळी केस), डाय बिनधास्त मागव, त्याला काही वेगळा चार्ज नाही. पावडर-प्रायमरवर मात्र हॅझमॅट, म्हणजे धोकादायक मालाची, फी बसते, वीस-तीस डॉलर, कुठे जास्त, वर शिपिंग वेगळं, आणि घरी प्रौढ माणसाची सही लागते. समज ब्रिक ऑनलाइन ६५ ला आहे आणि खेड्यात ८० ला. एकच मागवलीस तर पासष्ट अधिक तीस हॅझमॅट अधिक पंधरा शिपिंग, एकशे दहा झाले, खेड्यातली ऐंशीची स्वस्त पडली. पाच मागवल्यास तर तीनशे सत्तर विरुद्ध चारशे, आता ऑनलाइन तीस डॉलरनी खाली, त्याच हॅझमॅटमध्ये बहुतेक ठिकाणी पावडरचा जगही बसतो म्हणजे आणखी फायदा. म्हणून क्लबमधले लोक वर्षातून एकदा-दोनदा मिळून ऑर्डर टाकतात. तू अजून क्लबात नसशील तर हो, मॅच घेणाऱ्या माणसाला सगळं माहीत असतं, कुठल्या दुकानात काल काय आलं ते सुद्धा. आणि जुलै-ऑगस्टमध्ये पोर्ट क्लिंटनजवळ कॅम्प पेरीला नॅशनल मॅचेस असतात, १९०७ पासून चालू आहेत, कोलंबसहून दोन-अडीच तासांची गाडी. तिथे विक्रेत्यांची रांग असते, हॅझमॅट नाही, शिपिंग नाही, आणि आजूबाजूला देशातले उत्तम रायफलवाले बसलेले, त्यांना विचारलं तर आनंदाने सांगतात. मी दरवर्षी एक दिवस सुट्टी टाकून जातो.

साठा किती करायचा यालाही मर्यादा आहे. एनएफपीए ४९५ म्हणून अग्निसुरक्षेचा कोड आहे, त्यात राहत्या घरात मूळ डब्यात २० पाउंडांपर्यंत स्मोकलेस पावडर आणि १०,००० पर्यंत प्रायमर, त्याहून जास्त पावडर असेल तर, ५० पाउंडांपर्यंत, किमान एक इंच जाड लाकडाच्या पेटीत. तुझी वर्षाची गरज यात आरामात बसते. पण तू अपार्टमेंटमध्ये राहतोस, शहराचा नियम आणि घराचं लीज दोन्ही वाच, लीजमध्ये बरेचदा स्फोटक-ज्वालाग्राही वस्तूंवर वेगळं कलम असतं. खरेदी करून येताना उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत पावडर-प्रायमर ठेवून मॉलमध्ये जेवायला जाऊ नकोस, सरळ घरी आण. प्रायमर त्यांच्या ट्रेमध्येच राहू दे, काचेच्या बरणीत एकत्र ओतायचे नाहीत, कधीच नाही, बरणीतला एक उडाला तर सगळे एकदम उडतात.

ब्रासबद्दल थोडंच. ९ एमएमची ब्रास विकत घेऊच नकोस, रेंजवर विचारून उचल, काही रेंज उचलू देत नाहीत त्यामुळे विचार नक्की. .३०८ ची मात्र नवी किंवा स्वतः एकदा फायर केलेली घे. छोट्या दुकानांत मिलिटरीची वापरलेली ब्रास बादलीत ठेवून वजनावर विकतात, स्वस्त दिसते, पण तिच्या प्रायमरभोवती क्रिंप (दाबून घट्ट केलेली कड) असतो, तो काढायला वेगळं अवजार आणि वेळ, आणि कुठल्या मशीनगनच्या मोठ्या चेंबरमध्ये ताणली गेलीय ते कळत नाही. नवख्याने त्या बादलीपासून लांब राहावं.

आणि एक, पुण्याला जाताना. रेंजची बॅग म्हणून वापरलेली सॅक विमानप्रवासाला कधीच नेऊ नकोस, वेगळी ठेव, तिच्यावर खूण कर. प्रायमर आणि पावडर तर इथल्या टीएसएला (विमानतळ सुरक्षावाल्यांना) चेक-इनमध्येही चालत नाहीत. आणि आपल्याकडे एअरपोर्टवर बॅगेच्या कप्प्यात विसरलेलं एक काडतूस सापडलं की आर्म्स अ‍ॅक्टखाली गुन्हा दाखल होतो, चुकून राहिलं हे नंतर कोर्टात सांगत बसावं लागतं, सुट्टीचे तीन आठवडे पोलीस स्टेशन आणि वकिलाच्या फेऱ्यांत जातात. रिकाम्या केसनेही चौकशीत अडकशील. आईला दाखवायला म्हणून सुद्धा नेऊ नकोस, फोटो दाखव.

तर आता या आठवड्यात असं कर. पंधरा मिनिटांवरच्या स्टोअरमध्ये कामाच्या दिवशी संध्याकाळी जा आणि कॅलिपर, काटा, ९ एमएमची कार्बाइड डाय, .३०८ ची फुल लेंग्थ डाय आणि चालू मॅन्युअल घे, पावती ठेव. घरी मॅन्युअलचं सुरुवातीचं प्रकरण वाच, घाईत नाही, दोनदा. मग शनिवारी सकाळी उघडायच्या वेळेला त्या खेड्यातल्या दुकानात जा, दुपारी नको, दुपारी बंदुका बघायला येणाऱ्यांची गर्दी असते आणि दुकानदाराला बोलायला वेळ मिळत नाही. खिशात तुझ्या रायफलने आणि पिस्तुलाने फायर केलेल्या दोन-दोन केस, फोनमध्ये प्रेसचा फोटो, बुलेटचं वजन आणि मॅन्युअलच्या त्या पानावरच्या तीन पावडरींची नावं. त्यातली जी त्याच्याकडे असेल तिचा एक पाउंड घे, दोन्ही प्रायमरच्या शंभर-शंभरच्या ट्रे मिळतात का विचार, नसतील तर एकेक ब्रिक. शेल होल्डर तिथेच लावून बघ. आणि निघताना विचार, कोणाचं जुनं सामान आलंय का, बीम बॅलन्सचा काटा असेल तर माझ्यासाठीही बाजूला ठेवायला सांग, आमच्या क्लबातल्या एका नवीन मुलाला हवाय.